यंत्राचे वाचन आणि लेखकाची परवानगी

अमेरिकेतील अँथ्रोपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये लेखकांबरोबर दीडशे कोटी डॉलरची, म्हणजे सुमारे तेरा हजार कोटी रुपयांची तडजोड मान्य केली. स्वामित्वहक्काच्या, म्हणजेच कॉपीराइटच्या दाव्यांत तोवर जाहीर झालेल्या रकमांपैकी ही सर्वांत मोठी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे लेखकाचे काय होणार याविषयी गेली काही वर्षे जी चर्चा चालू आहे, तिचा मोठा भाग यंत्राला कविता सुचेल का, कादंबरी साधेल का, यातच खर्ची पडतो. या खटल्याने तीच चर्चा व्यवहाराच्या पातळीवर आणली आणि तीन प्रश्न उभे केले : यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेली पुस्तके कोणाची होती, ती कंपनीच्या हाती कशी आली, आणि त्याबद्दल लेखकाला कोणी विचारले होते का. मराठी लेखक आणि प्रकाशक यांच्या दारातही हेच प्रश्न येऊन ठेपले आहेत, आणि त्यांची उत्तरे देण्याची आपली तयारी फार तोकडी आहे.

चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड या नावांनी परिचित असलेल्या यंत्रणांच्या मुळाशी जी रचना असते तिला भाषिक प्रारूप म्हणतात. प्रचंड मजकुराचे लहान लहान तुकडे करून, आधीच्या तुकड्यांवरून पुढचा तुकडा कोणता असेल याचा अंदाज बांधण्याचा सराव या प्रारूपाकडून असंख्य वेळा करून घेतला जातो आणि अंदाज जितका चुकला असेल त्या मानाने त्याच्या आतील आकडे थोडे थोडे बदलले जातात. या सरावालाच प्रशिक्षण असे म्हणतात. प्रशिक्षण संपल्यावर प्रारूपात पुस्तकांची कपाटे भरलेली नसतात, उरतात ते केवळ आकडे. तरीही जो मजकूर पुन्हा पुन्हा समोर आलेला असतो तो कधी कधी शब्दशः बाहेर पडतो, आणि न्यायालयांतील वादाचा एक धागा तेथूनच निघतो. इंटरनेटवर मजकुराची वाण नसताना कंपन्यांना पुस्तकेच का हवी असतात, याचे कारण समजण्यासारखे आहे. एखादा विचार शेकडो पाने धरून ठेवलेला, संपादकाच्या आणि मुद्रितशोधकाच्या हाताखालून गेलेला असा सलग गद्याचा साठा पुस्तकाबाहेर सहसा सापडत नाही.

अँथ्रोपिकविरुद्धचा दावा ऑगस्ट २०२४ मध्ये कादंबरीकार अँड्रिया बार्ट्झ आणि ललितेतर लेखन करणारे चार्ल्स ग्रेबर व कर्क वॉलेस जॉन्सन यांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दाखल केला. न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांच्यासमोर जी माहिती आली ती ग्रंथव्यवहारातील प्रत्येकाने नीट वाचावी अशी आहे. कंपनीने २०२१ आणि २०२२ या वर्षांत इंटरनेटवरील चोरट्या ग्रंथसंग्रहांतून सत्तर लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या होत्या. पुढे तिने दुसरा मार्ग धरला आणि लाखो छापील पुस्तके, त्यांतली अनेक जुनी व वापरलेली, रीतसर पैसे देऊन विकत घेतली. त्यांची बांधणी कापून काढण्यात आली, सुटी पाने एका मापाची करून त्यांच्या संगणकीय प्रतिमा घेण्यात आल्या, त्या प्रतिमांतून मजकूर वाचून घेतला गेला आणि कागदी पुस्तके टाकून देण्यात आली.

जून २०२५ च्या निकालात न्यायाधीशांनी या दोन मार्गांमध्ये स्पष्ट भेद केला. अमेरिकी कायद्यात ‘उचित वापर’ नावाचे एक तत्त्व आहे : वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, वापरलेल्या भागाचे प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवर होणारा परिणाम या चार गोष्टी तोलून न्यायालय परवानगीशिवाय केलेला वापरही क्षम्य ठरवू शकते. पुस्तकांवर प्रारूपाला प्रशिक्षण देणे आणि विकत घेतलेली कागदी प्रत संगणकीय स्वरूपात आणणे या दोन्ही कृती न्यायाधीशांनी उचित वापरात बसवल्या. चोरट्या प्रती गोळा करून त्यांचे कायमचे ग्रंथालय उभारणे मात्र त्यांनी बसवले नाही. अमेरिकेत हेतुपुरस्सर उल्लंघन सिद्ध झाले तर एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते, आणि येथे प्रश्न लाखो कृतींचा होता. तडजोड झाली ती या धास्तीतून. तिच्यानुसार सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तके पात्र ठरली, प्रत्येकामागे सुमारे तीन हजार डॉलर ठरले आणि चोरट्या प्रती नष्ट करण्याचे कंपनीने कबूल केले. वकिलांचा खर्च वजा जाता ही रक्कम लेखक व प्रकाशक यांच्यात वाटण्याचे ठरले.

हा लेखकांचा मोठा विजय झाला असे अनेकांनी लिहिले, पण तो विजय किती अरुंद आहे हे पाहिले पाहिजे. पैसे मिळाले ते पुस्तक कोठून आणले याबद्दल, त्याचा प्रशिक्षणासाठी वापर केला याबद्दल नव्हेत. जुन्या बाजारातून काही डॉलरला घेतलेली एक प्रत कापून यंत्राला वाचायला दिली तर, या निकालाच्या तर्कानुसार, लेखकाला काहीही देणे लागत नाही, कारण वापरलेल्या प्रतीच्या विक्रीवर लेखकाला मानधन नसते. लेखकाच्या संमतीचा प्रश्न येथे सुटलेला नाही. तो बाजूला ठेवला गेला आहे.

याच न्यायालयात अवघ्या दोन दिवसांनी मेटा या कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी दिलेला निकाल त्यामुळे अधिक विचार करायला लावतो. तेथे दावा लावणाऱ्या तेरा लेखकांनी पुरेसा पुरावा मांडला नाही म्हणून निकाल कंपनीच्या बाजूने गेला, परंतु न्यायाधीशांनी एक वेगळी दिशा दाखवून ठेवली : लेखकांच्या पुस्तकांवर शिकलेले यंत्र त्याच प्रकारची पुस्तके अमर्याद संख्येने निर्माण करू लागले आणि त्या पुरात मूळ लेखकाची विक्री बुडाली, तर ती बाजारपेठेची हानी ठरू शकते आणि अनेक प्रकरणांत असे प्रशिक्षण बेकायदा ठरू शकते. एका न्यायाधीशाने प्रशिक्षणाकडे एखाद्या वाचकाच्या अभ्यासासारखे पाहिले, दुसऱ्याने त्याच्या परिणामांकडे पाहिले. माणूस आयुष्यभर वाचून फार तर काही हजार पुस्तके वाचतो आणि मोजकी लिहितो. हे प्रमाणच यंत्राच्या बाबतीत मोडीत निघत असल्याने दुसरी दृष्टी वस्तुस्थितीला अधिक धरून आहे असे म्हणावे लागते.

या पुराची चाहूल बाजाराला आधीच लागली आहे. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या अमेरिकी मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले, कारण त्या एका महिन्यात यंत्राने लिहिलेल्या सुमारे पाचशे कथा संपादक नील क्लार्क यांच्याकडे येऊन पडल्या होत्या. हे मासिक शब्दाच्या हिशेबाने मानधन देते आणि अनोळखी लेखकालाही संधी देते. झटपट पैसे मिळवण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांनी नेमका त्याचाच पत्ता लोकांना दिला. आलेले सगळे साहित्य वाचून नव्या लेखकाला हुडकून काढणे ही ज्या संपादकांची पद्धत आहे त्यांच्यावर हा भार सर्वांत जड पडतो, आणि दिवाळी अंकांचे जे संपादक आजही टपालाने व ईमेलने आलेल्या कथांचे गठ्ठे स्वतः वाचतात त्यांना हे वेगळे सांगायला नको. यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने भरवशाची नाहीत. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले असे साधन अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. अशा साधनावर विसंबून एखाद्या होतकरू लेखकावर लबाडीचा शिक्का मारणे हा अन्याय होईल.

अ‍ॅमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेनेही सप्टेंबर २०२३ मध्ये दोन नियम केले : पुस्तकातील मजकूर यंत्राने निर्माण केला असल्यास लेखकाने तसे कंपनीला कळवावे, आणि एका खात्यातून दिवसाला तीनहून अधिक नवी पुस्तके टाकू नयेत. दिवसाला तीन पुस्तके ही मर्यादा घालावी लागते यावरून त्याआधीच्या परिस्थितीची कल्पना येते. शिवाय कंपनीला दिलेली ती माहिती वाचकाला दाखवलीच पाहिजे असे बंधन नव्हते. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी आली, तिच्यातील दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती; लेखकांची नावे खरी, शीर्षके आणि कथानके यंत्राने रचलेली. ग्रंथपालाकडे येऊन वाचक अशा पुस्तकाची मागणी करू लागला, तर सूचीवरचा आणि परीक्षणावरचा जो विश्वास ग्रंथव्यवहाराने पिढ्यान्‌पिढ्या जमवला त्यालाच तडा जातो.

भारतातील कायदा अमेरिकेहून वेगळा आहे, आणि हा फरक मराठी लेखकाने समजून घेतला पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरांची ठरावीक यादी आहे : खासगी वापर व संशोधन, टीका व परीक्षण, चालू घडामोडींचे वार्तांकन इत्यादी. अमेरिकेप्रमाणे चार निकष लावून नवा अपवाद निर्माण करण्याची मोकळीक येथे नाही, त्यामुळे व्यापारी कंपनीने केलेले प्रशिक्षण या यादीत बसते का हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दावा लावला आणि भारतीय प्रकाशकांच्या महासंघाने त्यात आपली बाजू मांडण्याची परवानगी मागितली.

दरम्यान केंद्र सरकारच्या उद्योग प्रोत्साहन व अंतर्गत व्यापार विभागाने नेमलेल्या समितीचा मसुदा डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सक्तीच्या परवान्याची कल्पना मांडली आहे. कायदेशीर मार्गाने हाती आलेली कोणतीही कृती कंपन्यांना प्रशिक्षणासाठी वापरता यावी, त्यासाठी लेखकाला नकार देण्याचा पर्याय नसावा, मात्र कंपनीच्या महसुलातील ठरावीक वाटा एका मध्यवर्ती संस्थेने गोळा करून हक्कधारकांना द्यावा, असे तिचे स्वरूप आहे. लेखकाला काहीच न मिळण्यापेक्षा काही मिळणे बरे, हे खरे. परंतु ज्या हक्कात ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही तो हक्क फक्त वसुलीपुरता उरतो. आणि वसुलीचेही काय होईल? पैसे वाटायचे तर अमुक पुस्तक अमुक लेखकाचे, त्याचा हक्क आज अमुक वारसाकडे किंवा प्रकाशकाकडे, अशी पक्की नोंद लागते. ती नोंद मराठीत अनेक पुस्तकांची मिळणार नाही.

नोंद नसली तर काय होते, हे अमेरिकेतल्या तडजोडीने दाखवूनच दिले आहे. भारतात काय किंवा अमेरिकेत काय, कृती निर्माण होताच स्वामित्वहक्क आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. तरीही त्या तडजोडीत वाटा मिळण्यासाठी पुस्तकाला आयएसबीएन किंवा अ‍ॅमेझॉनचा क्रमांक असणे आणि प्रकाशनानंतर पाच वर्षांच्या आत, ठरलेल्या मुदतीत, अमेरिकी स्वामित्वहक्क कार्यालयात त्याची नोंद झालेली असणे आवश्यक होते. सत्तर लाख प्रतींमधून पात्र पुस्तके पाच लाखांच्याही आत राहिली, त्याचे एक मोठे कारण या अटी, तर दुसरे एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती. ज्यांनी कागद सांभाळले त्यांना पैसे मिळाले. मराठीत जुनी असंख्य पुस्तके आयएसबीएनशिवाय छापली गेली, आणि तोंडी शब्दावर किंवा चार ओळींच्या पत्रावर हस्तलिखित सोपवण्याची रीत तर कालपरवापर्यंत चालत आली. त्या रीतीत जिव्हाळा होता यात शंका नाही, पण त्या जिव्हाळ्याचा पुरावा पुढच्या पिढीच्या हाती राहिला नाही.

मराठी मजकुराची आणखी एक खास अडचण आहे, आणि तिच्यातच मराठी ग्रंथव्यवहाराचे बळही दडलेले आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांतील मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी मोठ्या प्रमाणावर श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींवर, पेजमेकरमध्ये झाली. या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असे, त्यामुळे ती फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोड या सांकेतिक पद्धतीत तो मजकूर आणायचा तर परिवर्तक वापरावा लागतो. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार आणि जोडाक्षरे यांच्या जागाही बदलतात, आणि परिवर्तनानंतर मुद्रितशोधकाला पानन्‌पान पुन्हा वाचावे लागते. खिळ्यांच्या छपाईतील त्याआधीची पुस्तके तर संगणकावर असलीच तर बहुधा केवळ प्रतिमांच्या रूपात आहेत.

परिणाम असा, की सवा आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीचे उत्तम गद्य इंटरनेटवर फार थोडे आहे. यंत्राला मराठी शिकायला मिळते ती बातम्यांतून, विकिपीडियातून, शासकीय संकेतस्थळांवरून आणि बऱ्याचदा इंग्रजीतून यंत्रानेच भाषांतरित केलेल्या पानांतून. यंत्राची मराठी वाचताना वाक्य व्याकरणशुद्ध असूनही परके वाटते, त्याचे मुख्य कारण हेच. म्हणून मराठी प्रकाशकांच्या कार्यालयांत जुन्या सीडींवर आणि संगणकांवर पडून असलेला, तपासलेला, सलग मराठी मजकूर ही आज मोलाची वस्तू आहे, आणि तिची किंमत ती कोणी मागायला येण्यापूर्वी ओळखली पाहिजे.

अशी मागणी आली म्हणजे काय घडू शकते, याची दोन उदाहरणे इंग्रजी प्रकाशनव्यवहारात आहेत. टेलर अँड फ्रान्सिस या शैक्षणिक प्रकाशनसंस्थेची मालक असलेल्या इन्फॉर्मा कंपनीने २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार करून आपला ग्रंथसाठा वापरण्यास दिला. अनेक प्राध्यापक-लेखकांना ही गोष्ट बातम्यांतून कळली. त्याच वर्षी हार्परकॉलिन्सने अशाच करारासाठी काही ललितेतर पुस्तकांच्या लेखकांना आधी विचारले : तीन वर्षांचा परवाना, एका पुस्तकामागे पाच हजार डॉलर, त्यातील निम्मे लेखकाला, आणि नको असेल तर नकार. अडीच हजार डॉलर ही रक्कम अपुरी आहे असे अनेकांनी म्हटले, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तरीही लेखकाला विचारणारा करार आणि न विचारणारा करार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मराठी पुस्तके यंत्रापासून सर्वस्वी दूर ठेवावीत, असा याचा अर्थ नाही. तसे केले तर शेतकरी, विद्यार्थी, रुग्ण अशा ज्यांना यंत्राकडून मराठीत माहिती हवी आहे त्यांच्या वाट्याला कायम मोडकीतोडकी मराठीच येईल. भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. हरि नारायण आपटे, श्रीधर व्यंकटेश केतकर, साने गुरुजी यांचे लेखन आज सर्वांसाठी खुले आहे, वि. स. खांडेकरांचे २०३६ अखेरपर्यंत आणि पु. ल. देशपांडे यांचे २०६० अखेरपर्यंत खुले होणार नाही. खुले झालेले हे लेखन काळजीपूर्वक युनिकोडमध्ये आणून सर्वांना उपलब्ध करून देणे हे विद्यापीठांचे आणि शासनाच्या भाषाविषयक संस्थांचे काम आहे, आणि ते झाले तर भाषेचा लाभ होऊन कोणाही लेखकाचा हक्क डावलला जाणार नाही. जे लेखन खुले नाही त्यासाठी परवानगी आणि मोबदला हाच मार्ग राहतो.

लेखकाने स्वतः यंत्राचा वापर करण्यात गैर काही नाही. जपानच्या लेखिका रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा हा साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा पुरस्कारप्राप्त कादंबरीतील सुमारे पाच टक्के मजकूर चॅटजीपीटीचा असल्याचे त्यांनी स्वतःहून सांगितले. कादंबरीत एक यंत्र प्रश्नांना उत्तरे देते, तेथे तो वापरला होता. हा प्रामाणिक व्यवहार आहे. खरी झळ लागणार आहे ती ज्यांचे नाव मुखपृष्ठावर लहान अक्षरांत असते किंवा नसतेच, त्या अनुवादकांना, मुद्रितशोधकांना, मुखपृष्ठकारांना आणि बोलत्या पुस्तकांच्या अभिवाचकांना. यंत्राने केलेल्या कच्च्या अनुवादावर हात फिरवण्याचे काम अनुवादकाला निम्म्या मोबदल्यात सांगितले जाऊ लागले, तर वाक्य मुळापासून मराठीत घडवू शकणारे अनुवादक टिकणार नाहीत, आणि त्यांची जागा घेणारे तयारही होणार नाहीत. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून, यंत्राला लेखक म्हणून श्रेय मिळणार नाही आणि लेखकाला यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही, हे करारात लिहून घेतले. मराठी लेखक-अनुवादकांची अशी वाटाघाटी करणारी संघटना नाही.

तरीही कायद्याने दिलेले एक शस्त्र त्यांच्या हाती आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ असे सांगते, की करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात अथवा व्यापारी उपयोगात नव्हता त्याचे हक्क, करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, प्रकाशकाकडे जात नाहीत. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते आणि मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते. ‘सर्व हक्क सर्व माध्यमांसाठी कायमचे’ असे वाक्य मात्र नव्या करारांतून सहज घातले जाते आणि लेखक ते न वाचता सही करतो. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने आणि प्रकाशकांच्या संघटनांनी एकत्र बसून करारनाम्याचा एक नमुना तयार करावा, आणि त्यात यंत्राचे प्रशिक्षण, यांत्रिक अनुवाद व कृत्रिम आवाजातील अभिवाचन या तिन्हींसाठी स्वतंत्र परवानगी, स्वतंत्र मोबदला आणि ठरावीक मुदत यांची कलमे घालावीत. तो नमुना हाती येईपर्यंत प्रत्येक लेखकाने पुढच्या पुस्तकाच्या करारावर सही करण्यापूर्वी ही तीन कलमे शोधावीत, नसतील तर लिहून घ्यावीत, आणि कराराची एक प्रत वारसांना सापडेल अशा जागी ठेवावी.